बारावी झाली, आता पदवी हातात येईपर्यंत

बारावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रात कोकण मंडळाचं नाव सर्वांत वर असतं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचं हे मंडळ स्थापनेपासून राज्यात अव्वल राहिलं आहे. २०२५ च्या बारावीत राज्याचा निकाल ९१.८८ टक्के लागला, कोकणाचा ९६.७४ टक्के. दहावीत तर कोकण ९८.८२ टक्क्यांवर होतं. आपली मुलं मन लावून शिकतात, याबद्दल कुणाला शंका नको.

पण पुढे काय होतं? २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १८ ते २३ वयाच्या शंभर तरुणांमागे उच्च शिक्षणात नाव असलेले साधारण ३५ जण आहेत. देशात हा आकडा २८.४ आहे, अनुसूचित जातींत २५.९ आणि अनुसूचित जमातींत २१.२. शाळा गावात किंवा पंचक्रोशीत असते, फी नावापुरती असते आणि गुरुजी घरच्यांना ओळखत असतात. तोवर घरची परिस्थिती मुलाच्या आड फारशी येत नाही. बारावीनंतर मात्र तीच परिस्थिती प्रत्येक पायरीवर समोर उभी राहते.

ज्या घरात अजून कुणी पदवीधर नाही, त्या घरातल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हा लेख आहे. माझं सांगणं एकच आहे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात कॉलेज सुटतं ते सहसा बुद्धी कमी पडली म्हणून सुटत नाही, एखाद्या प्रचंड फीमुळेही सुटत नाही. ते सुटतं चुकलेल्या तारखेमुळे, न मिळालेल्या दाखल्यामुळे, गावातून सकाळी न सुटणाऱ्या एसटीमुळे, आणि विचारायला कुणीच नसल्यामुळे. यातल्या बहुतेक अडचणी आधीच ओळखता येतात. म्हणून त्यांची तयारीही आधीच करता येते.

आपल्याकडे गळती कुठे होते

गळतीच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली जागा बारावीच्या निकालापासून प्रथम वर्षाच्या प्रवेशापर्यंतची. दुसरी प्रथम वर्षाच्या निकालानंतरची, जेव्हा दोन-तीन विषय राहतात, म्हणजे केटी लागते, आणि मुलगा घरी बसतो. तिसरी अगदी शेवटची: तिसरं वर्ष झालेलं असतं, एखादा विषय राहिलेला असतो, मुंबईत नोकरी लागलेली असते आणि तो विषय सोडवायचं कायमचं राहून जातं.

या प्रत्येक जागी आपल्या जिल्ह्याचं अर्थकारण आणि ऋतुमान आडवं येतं. कॉलेजचे प्रवेश जून-जुलैमध्ये होतात. नेमके १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते, म्हणजे मिरकरवाडा, हर्णै किंवा नाटे इथल्या मच्छीमार घरात तेव्हा आवक नसते. शेतकरी घरात लावणीचा खर्च सुरू असतो. पहिल्या सत्राची परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास येते, तेव्हा भातकापणी आणि झोडणी असते. दुसऱ्या सत्राची परीक्षा मार्च-एप्रिलनंतर येते, तेव्हा आंब्याचा हंगाम भरात असतो आणि बागेत मजुरीला हात हवे असतात. ज्या घरात मुलाच्या हातावर थोडंफार पोट चालतं, तिथे वर्षातून दोनदा अभ्यास आणि मजुरी यांतून एक निवडावं लागतं.

त्यात मुंबईची ओढ आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली होती. पिढ्यानपिढ्या आपले पुरुष चाकरमानी झाले. अठरा वर्षांच्या मुलाला काका म्हणतो, 'ये मुंबईला, कुठेतरी चिकटवतो', आणि पहिल्या महिन्याचा पगार घरी आला की परतीचा रस्ता अवघड होतो. त्या काकाचा हेतू चांगलाच असतो. पण पदवीशिवाय ज्या जागेवर मुलगा लागतो, त्याच जागेवर तो दहा वर्षांनीही असण्याचा धोका असतो. हे घरात स्पष्ट बोललं गेलं पाहिजे.

पहिलं काम: तीन वर्षांचा हिशेब एका कागदावर

बहुतेक घरांत फक्त प्रवेशाच्या फीचा विचार होतो. अनुदानित कॉलेजात बी.ए., बी.कॉम. करताना फी हा लहान भाग असतो. खरा खर्च रोजचा असतो. म्हणून बारावीच्या परीक्षेनंतर लगेच आईवडील आणि मुलं एकत्र बसा आणि वहीत दोन रकाने आखा.

डाव्या बाजूला खर्च लिहा: प्रवेश फी, दोन्ही सत्रांची परीक्षा फी, एसटीचा पास, खोली किंवा वसतिगृह, मेस, पुस्तकं, जर्नल, झेरॉक्स, मोबाईलचा रिचार्ज, प्रकल्पाचा खर्च, आजारपणासाठी थोडी रक्कम. प्रत्येक खर्चापुढे तो कोणत्या महिन्यात येणार ते लिहा. उजव्या बाजूला आवक लिहा, तीही महिन्यासकट: आंबा-काजूचे पैसे कधी येतात, बोटीचा हिस्सा कधी मिळतो, मुंबईहून किती येतात, शिष्यवृत्ती किती अपेक्षित आहे.

हा हिशेब मांडला की दोन गोष्टी कळतात. पहिली, पैसा कमी आहे की फक्त वेळेवर नाही. पुष्कळदा अडचण वेळेची असते. मग एप्रिल-मेमध्ये हाती आलेल्या पैशातले जूनसाठी बाजूला काढून मुलाच्या किंवा आईच्या खात्यात ठेवणं हा साधा उपाय पुरतो. बचत गट असेल तर जूनसाठी आधीच कर्जाची मागणी नोंदवता येते. दुसरी गोष्ट, शिष्यवृत्तीवर केव्हा विसंबायचं. शिष्यवृत्ती मंजूर होऊन खात्यात पडायला महिने लागतात, कधी पुढचं शैक्षणिक वर्ष उजाडतं. ती हिशेबात जरूर धरा, पण जूनच्या खर्चासाठी धरू नका.

कागद अकरावीतच गोळा करा

दाखले निकालानंतर काढायला गेलात तर तहसील कार्यालयात आणि सेतू केंद्रात साऱ्या तालुक्याची रांग तुमच्या पुढे असते. लागणारे मुख्य कागद असे: उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी नॉन-क्रिमीलेअर, आरक्षण नसलेल्या पण दुर्बल घटकात बसणाऱ्यांसाठी ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र. बहुतेक अर्ज 'आपले सरकार' केंद्रातून होतात. उत्पन्नाचा दाखला आणि ईडब्ल्यूएस यांची मुदत मर्यादित असते, ते त्या त्या वर्षाचेच लागतात. जातीचा दाखला, अधिवास आणि जात वैधता एकदा काढली की झालं.

यात सर्वांत वेळखाऊ आहे जात पडताळणी. तिला जुना पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला किंवा जन्म-मृत्यूची नोंद शोधावी लागते. आपल्याकडे हे काम अधिक गुंतागुंतीचं होतं. आजोबा गिरणीत होते, त्यांच्या मुलांचे शाळेचे दाखले परळ-लालबागच्या शाळांत आहेत. एका कागदावर आडनाव आहे, दुसऱ्यावर फक्त बापाचं नाव. भावाभावांची आडनावं वेगळी लागलेली आहेत. शिधापत्रिका एकीकडे, मतदारयादीतलं नाव दुसरीकडे. म्हणून मुलगी अकरावीत गेली की वंशावळ लिहून काढा, घरातल्या आणि चुलत घरातल्या कुणाची पडताळणी आधी झाली आहे का ते विचारा. वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नात्यातल्या व्यक्तीचं वैधता प्रमाणपत्र मोठा आधार ठरतं. गणपतीला किंवा शिमग्याला मुंबईची माणसं घरी येतात, तेव्हाच कागदांची पिशवी सोबत आणायला सांगा.

बँकेचं एक काम विसरू नका. मुलाच्या स्वतःच्या नावाचं खातं हवं आणि ते आधारशी जोडलेलं हवं. शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होते. खाती दोन असतील तर आधार नेमकं कोणत्या खात्याला जोडलं आहे ते बँकेत विचारून घ्या. दहावीचं गुणपत्रक, आधार आणि बँक या तिन्ही ठिकाणी नावाचं स्पेलिंग एकच असू द्या.

कोणासाठी कोणती मदत

राज्यातल्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या एकाच संकेतस्थळावर भरायचे असतात. मुख्य वाटा पुढीलप्रमाणे आहेत.

अनुसूचित जाती व नवबौद्ध: पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. त्यात फी आणि निर्वाह भत्ता दोन्ही येतात. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप, म्हणजे शिक्षण आणि परीक्षा शुल्काची भरपाई. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तीत राहणं-जेवण-साहित्य यांसाठी थेट खात्यात पैसे येतात आणि रक्कम शहराच्या श्रेणीनुसार ठरते.

इतर मागासवर्ग, विमुक्त-भटके, विशेष मागास: मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती किंवा शुल्क प्रतिपूर्ती, आणि वसतिगृह न मिळालेल्यांसाठी स्वाधारच्याच धर्तीवर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. कुणबी, भंडारी, गाबित, खारवी, गवळी घरांतल्या मुलांनी ही योजना आवर्जून पाहावी. तिच्या जागा मोजक्या असल्याने अर्ज उशिरा करून चालत नाही.

अनुसूचित जमाती: कातकरी आणि अन्य आदिवासी मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीबरोबर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना.

आरक्षण नसलेली घरं: उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता.

अल्पसंख्याक समाज: व्यावसायिक अभ्यासक्रम शिकणाऱ्या मुस्लिम, बौद्ध, ख्रिश्चन आदी विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची स्वतंत्र शिष्यवृत्ती महाडीबीटीवरच आहे.

मुली: २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत आहे. पूर्वी ती पन्नास टक्के होती. प्रवेश मात्र केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला सवलत नाही. इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग 'आपल्याला परवडणार नाही' म्हणून सोडून देण्याआधी हा नियम कॉलेजात नीट विचारा.

कोणत्याही योजनेचा अर्ज भरला म्हणजे काम संपलं असं समजू नका. अर्ज आधी कॉलेज तपासतं, मग संबंधित विभाग. त्रुटी निघाली तर तो विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये परत येतो आणि तिथेच पडून राहतो. दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून स्थिती पाहा. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी नूतनीकरण स्वतः करावं लागतं. पासवर्ड वहीत लिहून ठेवा. सायबर कॅफेवाल्याच्या मोबाईल नंबरवर नोंदणी कधीही करू नका. अडचण आली तर कॉलेजातल्या समान संधी केंद्रात विचारा. रत्नागिरीत समाजकल्याण सहायक आयुक्तांचं आणि इतर मागास बहुजन कल्याण विभागाचं जिल्हा कार्यालय आहे, तिथे जाऊन बोलता येतं.

कर्जाची वेळ आली तर आधी सरकारी बँकेत जा. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागत नाहीत. उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर व्यावसायिक आणि तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षणाच्या काळातल्या व्याजावर केंद्र सरकारची सवलत मिळू शकते. सोनं गहाण टाकण्याआधी किंवा खासगी सावकाराकडे जाण्याआधी बँकेत एकदा विचारून या.

रस्ता, एसटी आणि राहण्याची जागा

महर्षी अण्णासाहेब कर्वे आपल्याच दापोलीजवळच्या मुरुडचे. परीक्षा देण्यासाठी ते घाट चढून पायी साताऱ्याला गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. पुढे १८८१ साली, तेविसाव्या वर्षी ते मॅट्रिक झाले आणि १८८४ साली शिकवण्या करत एल्फिन्स्टनमधून बी.ए. झाले. आज इतकं चालावं लागत नाही, पण अंतराचा प्रश्न मिटलेला नाही. डोंगरावरच्या धनगरवाड्यातून डांबरी रस्त्यापर्यंत उतरायचं, तिथून तालुक्याची गाडी पकडायची, आणि पावसात ओढा भरला की दोन दिवस घरीच थांबायचं, असं अनेक मुलांचं आजही चालतं.

म्हणून कॉलेज निवडताना गुणांच्या यादीबरोबर एसटीचं वेळापत्रक हातात घ्या. पहिलं लेक्चर किती वाजता, आपल्या थांब्यावर पहिली गाडी किती वाजता, प्रात्यक्षिक संपल्यावर परतीची शेवटची गाडी कोणती, हे प्रवेशाआधी तपासा. विद्यार्थी पासाला ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा एक तृतीयांश भाग भरावा लागतो. गाडीची वेळ जुळत नसेल तर पाच-दहा पालकांनी सह्या करून कॉलेजच्या पत्रासह आगार व्यवस्थापकांकडे अर्ज द्या. मागणी लेखी आणि विद्यार्थ्यांच्या संख्येसह असेल तर तिचा पाठपुरावा करता येतो.

येण्याजाण्यात रोज चार तास जात असतील तर खोलीचा किंवा वसतिगृहाचा विचार गांभीर्याने करा. सामाजिक न्याय विभागाची मुलामुलींची वसतिगृहं आहेत, इतर मागास प्रवर्गासाठीही जिल्ह्यात शासकीय वसतिगृहं सुरू झाली आहेत, काही समाजसंस्थांची आणि कॉलेजांची स्वतःची आहेत. त्यांचे अर्ज निकालानंतर लगेच सुरू होतात. एकाच ठिकाणी अर्ज करून थांबू नका. शासकीय वसतिगृहात अर्ज केल्याची पोचही जपून ठेवा; स्वाधार आणि आधार योजनांच्या वेळी ती उपयोगी पडते.

कोणता अभ्यासक्रम घ्यायचा

परिस्थिती बेताची असली की घरात दोन टोकांचे निर्णय होतात: एक तर 'कशाला पैसे घालवायचे', नाही तर कर्ज काढून अनोळखी शहरातलं महागडं खासगी कॉलेज. मधल्या वाटा पुष्कळ आहेत आणि त्या जिल्ह्यातच आहेत.

रत्नागिरीत गोगटे-जोगळेकर महाविद्यालय १९४५ पासून आहे. चिपळूणला डीबीजे, देवरुखला आठल्ये-सप्रे-पित्रे आणि तालुक्यांच्या ठिकाणी इतर महाविद्यालयं आहेत. मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र शहरात आहे. शासकीय तंत्रनिकेतन आहे, शासकीय अभियांत्रिकी आणि शासकीय वैद्यकीय ही महाविद्यालयं अलीकडेच सुरू झाली आहेत. शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. ज्या मुलाने लहानपणापासून समुद्र आणि बाग पाहिली आहे, त्याने मत्स्यविज्ञान, फलोत्पादन आणि अन्नप्रक्रिया या शाखांची माहिती घेतल्याशिवाय फॉर्म भरू नये.

लवकर कमावणं भाग असेल तर टप्प्याटप्प्याने शिका. आयटीआय झालेल्याला पात्रतेनुसार पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि पदविकाधारकाला पदवी अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे लोट्याच्या किंवा मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करत असलेल्यालाही पुढचा रस्ता मोकळा आहे.

तारखांबाबत दोन सूचना. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत प्रवेश घ्यायचा तर निकालानंतर विद्यापीठाची ऑनलाइन प्रवेशपूर्व नोंदणी आवश्यक असते. आणि २०२४ पासून एआयसीटीईची मान्यता असलेल्या बीबीए, बीसीए, बीएमएस या अभ्यासक्रमांनाही सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा आहे. तिचे फॉर्म बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी भरले जातात. निकाल लागल्यावर चौकशी करणाऱ्याला तो दरवाजा बंद झालेला दिसतो.

पहिले सहा महिने सांभाळा

पहिलं सत्र सर्वांत अवघड असतं. मराठी माध्यमातून विज्ञान किंवा वाणिज्य शाखेत आलेल्या मुलाला इंग्रजी पुस्तक पाहून वाटतं की हे आपल्यासाठी नाही. तो मागच्या बाकावर सरकतो, मग लेक्चर चुकवतो. खरं तर त्याला विषय येत असतो, अडते ती भाषा. प्रत्येक विषयातल्या महत्त्वाच्या शब्दांची मराठी-इंग्रजी यादी स्वतःच्या वहीत करा. पहिल्या महिन्यात निदान एका प्राध्यापकांशी आणि ग्रंथपालांशी ओळख करून घ्या. ग्रंथालयातून पुस्तकं मिळतात, वरच्या वर्गाची जुनी पुस्तकंही मिळतात.

हजेरी ७५ टक्के लागते आणि निर्वाह भत्त्याच्या योजनाही हजेरी पाहतात. पावसाने गाड्या बंद पडल्यामुळे खाडे झाले तर त्याच आठवड्यात वर्गशिक्षकांना लेखी कळवा. भातकापणी आणि आंब्याचा हंगाम यांच्या तारखा परीक्षेच्या तारखांशेजारी लिहून ठेवा आणि घरच्यांशी आधीच ठरवा: परीक्षेआधीचे तीन आठवडे मुलाला कामाला हाक मारायची नाही. आईवडिलांनी एवढं एक वचन दिलं आणि पाळलं, तर अनेक केट्या लागणारच नाहीत.

केटी लागली तर घाबरू नका. एटीकेटीच्या नियमांत बसत असाल तर पुढच्या वर्गात जाऊन तो विषय सोडवता येतो. पुनर्परीक्षेचा फॉर्म भरण्याची तारीख मात्र चुकवू नका. 'कमवा व शिका' योजना कॉलेजात असेल तर तिच्यात नाव द्या. बाहेर काम करायचंच असेल तर लेक्चरच्या वेळा सोडून करा.

सोडायची वेळ आली तर

वडील आजारी पडतात, बोट बुडते, आंबा करपतो. कधी शिक्षण थांबवणं खरोखर भाग असतं. तेव्हा न सांगता निघून जाऊ नका. आधी प्राचार्यांना भेटा. फी हप्त्यांनी भरता येते का, विद्यार्थी सहाय्य निधी आहे का, ते विचारा. तरीही थांबावं लागलं तर कागदोपत्री थांबा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार ठरलेले क्रेडिट (श्रेयांक) पूर्ण करून पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं, आणि ठरावीक मुदतीत परत येऊन पदवी पुरी करता येते. त्यासाठी अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं उघडलेलं हवं आणि तुमचे क्रेडिट त्यात जमा आहेत याची खात्री हवी. मूळ गुणपत्रकं आणि दाखले फीसाठी अडवून ठेवण्याची मुभा कॉलेजांना नाही, विद्यापीठ अनुदान आयोगाने हे स्पष्ट केलेलं आहे.

मुंबईला नोकरीला लागलात तरी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी पुरी करता येते. ते १९८९ पासून नेमकं याच कारणासाठी चालू आहे. तेविसाव्या वर्षी मॅट्रिक झालेल्या कर्व्यांनी पुढे महिला विद्यापीठ उभं केलं. उशीर झाला म्हणून शिक्षण वाया जात नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक सांगतो. मुलीचं कॉलेज पैशापेक्षा शेवटच्या गाडीच्या वेळेने आणि आलेल्या स्थळाने जास्त सुटतं. लग्न ठरलंच, तर पदवी पूर्ण होण्याची अट बैठकीतच, सगळ्यांसमोर घाला. सासर दुसऱ्या तालुक्यात किंवा मुंबईत असेल तर कॉलेज बदलून देण्याची प्रक्रिया असते. प्रवेश रद्द करण्याआधी ती विचारा.

हे एकट्या घराचं काम नाही

अमेरिकेत दोन अभ्यास झाले, ते आपल्याला फार उपयोगी आहेत. पहिल्यात कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचे दोन मुख्य गट केले. एका गटाला शिष्यवृत्तीची नुसती माहिती दिली; दुसऱ्या गटाजवळ बसून अर्ज भरून दिला. नुसत्या माहितीने काही फरक पडला नाही. अर्ज भरून दिलेल्यांच्या मुलांपैकी किमान दोन वर्षं कॉलेज केलेल्यांचं प्रमाण २८ वरून ३६ टक्क्यांवर गेलं. दुसरा प्रयोग न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाचा. तिथे २००७ पासून गरजू विद्यार्थ्यांना मार्गदर्शक, पुस्तकांसाठी पैसे आणि शहरातल्या बस-रेल्वेचा पास दिला जातो. तीन वर्षांत अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यांचं प्रमाण २२ वरून ४० टक्क्यांवर पोहोचलं. पास, पुस्तकं आणि हक्काने विचारपूस करणारं एक माणूस, अशा साध्या गोष्टी त्या मदतीत होत्या.

आपल्याकडेही हे घडून गेलं आहे. बाबासाहेबांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. त्यांच्या पदवीच्या शिक्षणाला सयाजीराव गायकवाडांची महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, हे सर्वांना ठाऊक आहे. पण बागेत वाचत बसलेल्या त्या मुलाची दखल घेऊन त्याला महाराजांपर्यंत नेणारे कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी होते. मदत होती, आणि तिच्यापर्यंत नेणारा माणूसही होता.

आपल्या जवळजवळ प्रत्येक गावाचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ असतं. दरवर्षी गुणगौरव होतो, मुलांना वह्या आणि ट्रॉफ्या मिळतात. तो कार्यक्रम जरूर करा, पण त्याला तीन कामं जोडा. निकालानंतरच्या पहिल्या रविवारी गावच्या शाळेत लॅपटॉप आणि इंटरनेट घेऊन बसा आणि प्रत्येक मुलाचा प्रवेशाचा आणि वसतिगृहाचा अर्ज तिथेच भरून द्या. महाडीबीटी सुरू झाल्यावर पुन्हा एक दिवस बसा. जून-जुलैसाठी एक छोटा निधी ठेवा, ज्यातून पास आणि परीक्षा फी उसनी मिळेल आणि शिष्यवृत्ती आली की परत करता येईल. आणि गावातल्या प्रत्येक पदवीधराकडे दोन मुलांची नावं सोपवा. महिन्यातून एक फोन, तीन वर्षं.

तुमच्या घरात कुणी पदवीधर असेल तर हे काम आजपासून तुमचं आहे. घरात कुणी नसेल तर आपल्या वाडीतल्या, निदान शेजारच्या गावातल्या एखाद्या पदवीधराचा नंबर या आठवड्यात मिळवा आणि संकोच न करता फोन करा. त्यालाही कुणीतरी वाट दाखवलेली असणार. तुमच्या मुलाला मदत करायला तो नाही म्हणणार नाही, आणि म्हणालाच तर दुसऱ्याला विचारा. विचारणं थांबवू नका. तीन वर्षांनी पदवी घेऊन आलेलं तुमचं मूल पुढच्या घराला वाट दाखवील.